आठ दशांश सेकंद : ग्रिनिचच्या एका सहायकाचं प्रकरण आणि व्यक्तिनिष्ठता

१७९६ च्या सुरुवातीला ग्रिनिचच्या राजवेधशाळेतल्या एका तरुण सहायकाची नोकरी गेली. डेव्हिड किनेब्रुक त्याचं नाव. तो मेहनती आणि उपयोगी माणूस होता, असं त्याला काढणाऱ्या वरिष्ठानेच लिहून ठेवलं आहे. तक्रार एकच होती. तारा दुर्बिणीतला धागा ओलांडतो ती वेळ किनेब्रुक वरिष्ठापेक्षा आठ दशांश सेकंदाने उशिराची नोंदवत होता.

‘हे सब्जेक्टिव्ह आहे’ हे वाक्य आपल्या बोलण्यात आता चांगलंच रुळलं आहे. निबंधाला किती गुण द्यायचे, मुलाखतीत कोण उजवं ठरलं, कोणाचं गाणं वरचढ, असा वाद ताणला गेला की कोणीतरी हे वाक्य टाकतं आणि विषय मिटतो. यामागे एक गृहीत असतं. जिथे मोजमाप आहे तिथे माणसाचा संबंध नाही, आणि जिथे माणूस आला तिथे मोजमाप संपलं. हे गृहीत तपासायला मला किनेब्रुकच्या प्रकरणाइतकं चांगलं प्रकरण दुसरं माहीत नाही. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. तारा होता, घड्याळ होतं, धागा होता. तरीही मोजलेल्या आकड्यात माणूस शिल्लक राहिला होता, आणि तो ओळखायला पुढची पंचवीस वर्षं जावी लागली.

वेधशाळेचं काम

ग्रिनिचची वेधशाळा १६७५ मध्ये उभी राहिली ती मुख्यतः जहाजांसाठी. समुद्रावर अक्षांश काढणं तुलनेने सोपं असतं, सूर्य किंवा ध्रुवतारा त्याला पुरतो. रेखांशासाठी मात्र दोन वेळा माहीत असाव्या लागतात, आपल्या जागेची आणि त्याच क्षणी एखाद्या ठरावीक जागेची. किनेब्रुकचा वरिष्ठ नेव्हिल मॅस्केलाइन १७६५ मध्ये पाचवा राजखगोलशास्त्रज्ञ, म्हणजे या वेधशाळेचा प्रमुख, झाला. या प्रश्नासाठी त्याची भिस्त चंद्रावर होती. चंद्र ताऱ्यांमधून सतत पुढे सरकतो. अमुक ताऱ्यापासून तो ग्रिनिचच्या कोणत्या वेळेला किती अंतरावर असेल याची कोष्टकं आधी छापून ठेवली, तर खलाशाला ते अंतर मोजून ग्रिनिचची वेळ काढता येते. १७६७ या वर्षासाठीचं पहिलं नाविक पंचांग त्याने याच हेतूने सिद्ध केलं.

या कोष्टकांच्या मुळाशी ग्रिनिचचे रोजचे वेध होते. याम्योत्तरवृत्तावर, म्हणजे आकाशातल्या दक्षिणोत्तर रेषेवर, बसवलेली एक दुर्बीण, शेजारी लंबकाचं घड्याळ. तारा त्या वृत्तावर आला की वेळ टिपायची. मॅस्केलाइनने छत्तीस तारे निवडून त्यांची स्थानं आधारभूत ठरवली होती. घड्याळ किती पुढे-मागे आहे हे या ताऱ्यांवरून काढायचं आणि मग त्या घड्याळाने चंद्र, सूर्य, ग्रह मोजायचे. हे सगळं करायला राजखगोलशास्त्रज्ञ आणि त्याचा एक सहायक, एवढीच माणसं. रात्री वेध, दिवसा आकडेमोड, राहणं वेधशाळेतच. मॅस्केलाइनच्या शेहेचाळीस वर्षांच्या काळात वीसहून अधिक सहायक आले आणि गेले. नॉर्विचच्या एका शिक्षकाचा मुलगा असलेला किनेब्रुक १७९४ मध्ये त्यांच्यापैकी एक झाला.

आठ दशांश सेकंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. पृथ्वी एका सेकंदात पंधरा विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) फिरते, म्हणजे आठ दशांश सेकंदात बारा विकला. चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला जेमतेम अर्ध्या विकलेहून थोडं जास्त सरकतो. तारा एकाने टिपला, चंद्र दुसऱ्याने टिपला आणि दोघांत एवढा फरक असला, तर चंद्राच्या जागेत बारा विकलांची चूक शिरते. त्या एका स्थानावर विसंबणाऱ्या जहाजाची ग्रिनिच-वेळ वीसेक सेकंदांनी चुकेल, आणि विषुववृत्ताजवळ ते जहाज स्वतःला खऱ्या जागेपासून दहा किलोमीटर दूर समजेल. मॅस्केलाइनने ही बाब गंभीरपणे घेतली यात त्याचं काही चुकलं नाही.

डोळा आणि कान

वेध घेण्याची रीत तिसरा राजखगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडली याने घालून दिलेली होती. ती नीट समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

निरीक्षक आधी घड्याळाकडे पाहून सेकंद लक्षात घेतो आणि मग दुर्बिणीला डोळा लावतो. आता घड्याळ दिसत नाही, फक्त ऐकू येतं. तो मनातल्या मनात ठोके मोजत राहतो. दुर्बिणीत पाच उभे बारीक धागे ताणलेले आहेत आणि तारा एका बाजूने त्यांच्याकडे सरकत येतो आहे. एका ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे असतो. ती जागा ध्यानात ठेवायची. पुढच्या ठोक्याला तो धाग्याच्या पलीकडे गेलेला असतो. तीही ध्यानात ठेवायची. मग दोन्ही अंतरांचं प्रमाण अंदाजाने पाहायचं. अलीकडचं अंतर तीन भाग आणि पलीकडचं सात भाग वाटलं, तर तारा पहिल्या ठोक्यानंतर तीन दशांश सेकंदाने धाग्यावर होता. पाचही धाग्यांवर असंच करायचं आणि सरासरी घ्यायची.

ही रीत अत्यंत भरवशाची मानली जात होती. चूक झाली तर एक-दोन दशांश सेकंदाची होईल, असा समज होता. पण ती माणसाकडून काय मागते ते पाहा. तारा सलग सरकतो आहे, ठोका तुटक येतो आहे. एक डोळ्यातून येतो, दुसरा कानातून. ‘ठोका पडला तेव्हा तारा कुठे होता’ या प्रश्नाचं उत्तर दुर्बिणीत नसतं आणि घड्याळातही नसतं. दोन वेगवेगळ्या इंद्रियांकडून आलेल्या गोष्टी एकाच क्षणी घडल्या असं ठरवण्याचं काम निरीक्षकाच्या मनात होतं. लक्ष आधी ठोक्याकडे असेल तर तारा पुढे सरकलेला दिसेल, लक्ष ताऱ्याकडे असेल तर मागे राहिलेला दिसेल. ब्रॅडलीच्या रीतीत डोळ्याला आणि कानाला नेमून दिलेली कामं होती. त्या दोघांना जोडणाऱ्या माणसाचा वेगळा हिशेब तिच्यात नव्हता.

मॅस्केलाइनची नोंद

मॅस्केलाइनने हे प्रकरण दडपलं नाही, वेधांच्या छापील खंडातच लिहिलं. त्याच्या निवेदनाचा आशय असा : किनेब्रुकचे वेध १७९४ भर आणि १७९५ चा बराच काळ माझ्या वेधांशी जुळत होते. १७९५ च्या ऑगस्टपासून तो वेळा अर्ध्या सेकंदाने उशिराच्या लिहू लागला. जानेवारी १७९६ पर्यंत त्याची चूक आठ दशांशावर गेली. माझ्या लक्षात येईपर्यंत बराच काळ ही चूक चालू राहिली होती आणि तो यातून सुटून योग्य रीतीवर परत येईल असं मला वाटेना. इतर बाबतींत तो कष्टाळू आणि उपयोगी असला तरी नाइलाजाने मी त्याला निरोप दिला. पुढे मॅस्केलाइन म्हणतो की ब्रॅडलीची उत्तम रीत किनेब्रुक पाळत राहिला असेल हे मला पटत नाही, त्याने स्वतःची कसलीतरी विस्कळीत, गोंधळाची रीत धरली असावी असा माझा समज आहे.

शेवटच्या वाक्यावर मी बराच थांबतो. तो समज आहे. सहायकाने दुसरी रीत वापरताना कोणी पाहिलं, किंवा त्याने तसं कबूल केलं, असं ही नोंद सांगत नाही. फरक दिसला, त्यावरून रीत चुकली असणार असा निष्कर्ष निघाला. मॅस्केलाइनपाशी दोनच पर्याय होते. रीत नीट पाळली, किंवा पाळली नाही. दोन माणसं एकच रीत तितक्याच निष्ठेने पाळतील आणि तरीही त्यांच्या आकड्यांत कायमचा फरक राहील, हा तिसरा पर्याय त्या वेळच्या वेधशास्त्राकडे नव्हताच.

फरक कसा सापडला तेही मॅस्केलाइनने सांगितलं आहे, आणि तो भाग फार महत्त्वाचा आहे. घड्याळ दिवसाला किती पुढे किंवा मागे पडतं हे ते दोघं ताऱ्यांवरून काढत. समजा, एक तारा दोन्ही रात्री मॅस्केलाइननेच टिपला आणि त्यावरून घड्याळ दिवसाला दोन दशांश सेकंद मागे पडतं असं निघालं. दुसरा तारा पहिल्या रात्री किनेब्रुकने आणि दुसऱ्या रात्री मॅस्केलाइनने टिपला, तर त्यावरून घड्याळ पूर्ण सेकंदभर मागे पडल्याचं दिसतं. एकच घड्याळ एकाच दिवशी दोन चालींनी चालू शकत नाही. म्हणजे घोळ घड्याळात नाही, टिपणाऱ्यांमध्ये आहे.

आता अशी कल्पना करा की त्या वेधशाळेत किनेब्रुक एकटाच होता. सगळे तारे त्यानेच टिपले असते तर प्रत्येक तारा आठ दशांश सेकंद उशिरा, घड्याळाची दुरुस्तीही त्याच वेधांवरून, म्हणून तीही आठ दशांशाने सरकलेली. चंद्र टिपणाराही तोच. वजाबाकी केली की सरकणं दोन्हीकडून निघून जातं. ताऱ्यांची एकमेकांच्या तुलनेतली स्थानं जवळजवळ बरोबरच आली असती. एकट्या किनेब्रुकच्या वेधशाळेत किनेब्रुकची चूक अस्तित्वातच नव्हती. ती दोन माणसांच्या मध्ये होती. मॅस्केलाइनने ती उचलून एकाच्या नावावर टाकली.

बदललं कोण?

मॅस्केलाइनच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हा की आधी दोघांचं जुळत होतं. वर्षभराहून जास्त काळ जुळलं आणि मग बिनसलं, म्हणजे सहायकाने काहीतरी बदललं. हा युक्तिवाद वरवर सरळ वाटतो, पण त्यात एक मोठी फट आहे. दोन माणसांमधला फरक वाढला यावरून दोघांपैकी कोणीतरी बदललं एवढंच कळतं. कोण, ते कळत नाही. १७९५ च्या ऑगस्टमध्ये मॅस्केलाइन बासष्ट वर्षांचा होता, किनेब्रुक तेविशीच्या आसपास. लक्ष देण्याची लकब, नजर, ऐकणं यांपैकी काही थोरल्याचं सरकलं असणं शक्य आहे, धाकट्याचं शक्य आहे, दोघांचं थोडंथोडं शक्य आहे. ‘माझ्या वेधांनुसार त्याने जे लिहायला हवं होतं’ अशी मॅस्केलाइनची शब्दरचना आहे. त्याचे वेध हीच मोजपट्टी धरलेली होती, आणि ती मोजपट्टी त्याच्या पदातून आली होती. तिसरा निरीक्षक वेधशाळेत नव्हता, त्यामुळे ती तपासायची सोयही नव्हती.

मी मॅस्केलाइनला दुष्ट ठरवत नाही. त्याने आकडे लिहिले, तारखा लिहिल्या, सहायकाचे गुण लिहिले, स्वतःचा समज हा समज म्हणूनच लिहिला. वेधांच्या वहीत कोणता वेध कोणाचा हे दाखवण्याची शिस्त तिथे होती, म्हणून तर फरक सापडला. ती नोंद इतकी प्रामाणिक नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण किनेब्रुकला त्या प्रामाणिकपणाचा उपयोग झाला नाही. १८०२ मध्ये, ऐन तिशीत, तो वारला. आपल्या आठ दशांश सेकंदांचा अर्थ काय होता हे त्याला कळलं नाही.

क्योनिग्सबर्गचा शोध

१८१६ मध्ये एका जर्मन खगोलशास्त्रीय नियतकालिकात ग्रिनिच वेधशाळेच्या इतिहासावर लेख आला. त्यात किनेब्रुकची हकिगत होती. तो लेख प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग वेधशाळेचा प्रमुख फ्रीड्रिश विल्हेल्म बेसेल याच्या वाचनात आला. बेसेल तेव्हा ब्रॅडलीचे जुने वेध चाळून, गाळून, दुरुस्त करून त्यांतून ताऱ्यांची स्थानं काढण्याच्या प्रचंड कामात होता. वेधातली चूक कुठून येते, हा त्याच्या रोजच्या विचाराचा विषय होता. इतरांनी वाचून सोडून दिलेल्या हकिगतीत त्याला कोडं दिसलं. सरावलेला, कष्टाळू माणूस आपली चूक सुधारायला सगळी कारणं असताना इतका मोठा फरक महिनोन्‌महिने का ठेवील?

बेसेलने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. त्याने स्वतःलाच तपासायला घेतलं. १८२०-२१ च्या हिवाळ्यात वालबेक नावाचा खगोलशास्त्रज्ञ क्योनिग्सबर्गला आलेला होता. दोघांनी दहा तारे निवडले. एका रात्री पाच याने टिपायचे, पाच त्याने, आणि दुसऱ्या रात्री अदलाबदल. अशा रात्री घालवल्यावर हिशेब निघाला : बेसेल वालबेकच्या सरासरी १.०४१ सेकंद आधी टिपत होता. किनेब्रुकची नोकरी ज्या फरकाने गेली त्याहून हा मोठा होता, आणि दोघंही नाणावलेले निरीक्षक. १८२३ मध्ये आर्गेलांडर या खगोलशास्त्रज्ञाबरोबर असाच प्रयोग झाला. फरक १.२२३ सेकंद, पुन्हा बेसेलच आधी.

आता कोणाला काढायचं?

दोर्पातचा खगोलशास्त्रज्ञ श्त्रुवे याच्याशी असलेला आपला फरकही बेसेलने वेगवेगळ्या वर्षांच्या वेधांवरून काढला, कधी समोरासमोर तर कधी दोघांनाही भेटलेल्या तिसऱ्या निरीक्षकामार्फत. १८१४ मध्ये तो ०.०४४ सेकंद होता, म्हणजे नसल्यातच जमा. १८२१ मध्ये ०.७९९. १८२३ मध्ये १.०२१. १८३४ मध्ये ०.७७०. मॅस्केलाइनच्या युक्तिवादाला याहून नेमकं उत्तर असू शकत नाही. युरोपातले दोन पहिल्या प्रतीचे निरीक्षक एका वर्षी जुळतात, सात वर्षांनी त्यांच्यात पाऊण सेकंदाहून जास्त अंतर पडतं, आणि त्यात कोणी रीत मोडलेली नसते. बेसेलने अर्ध्या सेकंदाचे ठोके देणारं घड्याळही वापरून पाहिलं. तेव्हा त्याचेच वेध सुमारे अर्धा सेकंद उशिराचे येऊ लागले. ताल बदलला की त्याच माणसाचा ‘आत्ता’ सरकत होता.

याला पुढे ‘वैयक्तिक समीकरण’ असं नाव पडलं. खगोलशास्त्रात समीकरण म्हणजे दुरुस्तीसाठी मिळवायची किंवा वजा करायची रक्कम, आपल्या ज्योतिषग्रंथांत ज्याला संस्कार म्हणतात तीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या वेधशाळांत निरीक्षकांचे आपसातले फरक नियमाने काढून हिशेबात धरले जाऊ लागले.

व्यक्तिनिष्ठतेचे तीन अर्थ

आपण ‘सब्जेक्टिव्ह’, ‘व्यक्तिनिष्ठ’, ‘व्यक्तिसापेक्ष’ हे शब्द वापरतो तेव्हा निदान तीन वेगळ्या गोष्टी त्यांत कोंबलेल्या असतात. या प्रकरणात त्या सुट्या होतात, म्हणून इथे त्या बोलून घेतो.

पहिली गोष्ट लहर किंवा पक्षपात. परीक्षकाने ओळखीच्याला जास्त गुण दिले, तर आपण त्यालाही सब्जेक्टिव्ह म्हणतो. किनेब्रुककडे हे नव्हतं. तारा उशिरा दाखवून त्याला काहीही मिळणार नव्हतं, उलट होतं ते गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहणाऱ्याच्या घडणीमुळे निरीक्षणात येणारा वाटा. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात त्यातली प्रकृती. हा वाटा प्रामाणिकपणाने नाहीसा होत नाही, कष्टानेही पूर्ण जात नाही, कारण तो पाहण्याच्या क्रियेतच आहे. मॅस्केलाइनचा घोटाळा इथेच झाला. दुसऱ्या प्रकारची व्यक्तिनिष्ठता त्याला पहिल्या प्रकारची, म्हणजे शिस्तीतली कसूर वाटली. आपल्याकडेही हा घोटाळा रोज होतो. ‘तुझं मत सब्जेक्टिव्ह आहे’ हे वाक्य आरोपासारखं उच्चारलं जातं आणि ऐकणाराही ते आरोप म्हणूनच झेलतो.

या दुसऱ्या प्रकारात आणखी एक भेद करावा लागतो. एक निरीक्षक नेहमी साधारण आठ दशांश उशिरा टिपतो, पण ते आठ दशांश ठाम आहेत. दुसऱ्याची सरासरी बिनचूक आहे, पण कधी तो अर्धा सेकंद आधी, कधी अर्धा सेकंद नंतर. कामाचा कोणता? पहिलाच. त्याचा कल एकदा कळला की तेवढी रक्कम वजा करून त्याचे वेध वापरता येतात. दुसऱ्याचा विखुरलेपणा वजा करायला काही एक आकडाच नाही, पुष्कळ वेध घेऊन सरासरी काढत बसावं लागतं. व्यक्तिनिष्ठतेतला कल आणि विखुरलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. मॅस्केलाइनच्या नोंदीतला फरक महिनोन्‌महिने एकाच दिशेचा, आकड्यात सांगता येण्याजोगा होता. तसा नसता तर तो मॅस्केलाइनला पकडताही आला नसता.

तिसरी गोष्ट म्हणजे अनुभव स्वतः. ठोका पडताना तारा अमुक जागी ‘दिसला’ ते दिसणं. याकडे शेवटी येतो.

वस्तुनिष्ठता माणूस वगळून मिळते, ही कल्पना या प्रकरणाने मोडीत निघते. ग्रिनिचला माणूस वगळलेला आहे असं समजून काम चाललं होतं, तेव्हा आकड्यांत न कळता माणूस शिरलेला होता. बेसेलने माणूस हिशेबात घेतला, त्याचं नाव लिहिलं, दुसऱ्या माणसाशी त्याची तुलना केली, तेव्हा आकडे सुधारले.

वजाबाकीनंतरची गोष्ट

यंत्रांनी प्रश्न सोडवला असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १८५० च्या सुमारास विजेवर चालणारं कालनोंद यंत्र आलं. तारा धाग्यावर आला की कळ दाबायची, कागदाच्या पट्टीवर खूण उमटते. ठोके ऐकण्याची भानगड गेली आणि फरक बराच कमी झाला, पण कळ दाबणारं बोट माणसाचंच होतं. कोणी तारा धाग्यावर येतो आहे असं पाहून दाबी, कोणी आल्यावर दाबी. मग खोट्या ताऱ्याची यंत्रं बनवली गेली. एक प्रकाशबिंदू धाग्यावरून न्यायचा, ओलांडण्याची खरी वेळ विजेने नोंदली जाणार, आणि निरीक्षकाची वेळ तिच्याशी ताडून पाहायची. आता दोन माणसांच्या तुलनेऐवजी एका माणसाचा कल थेट मोजता येऊ लागला, आणि सरावाने तो कमी होतो हेही दिसलं. शतकाच्या अखेरीस रेपसोल्डचा सूक्ष्ममापक आला. त्यात निरीक्षक हलत्या धाग्याने ताऱ्याचा पाठलाग करतो आणि वेळांच्या खुणा यंत्र आपोआप उमटवतं. फरक फारच थोडा उरला.

दोन शहरांमधलं रेखांशाचं अंतर तारायंत्राने (टेलिग्राफने) मोजताना निरीक्षकांमधला फरक थेट उत्तरात उतरतो. त्यावर एक साधी, समंजस युक्ती रूढ झाली. निम्मं काम झाल्यावर दोघा निरीक्षकांनी जागा बदलायच्या. पहिल्या निम्म्यात जो फरक मिळवला गेला तो दुसऱ्या निम्म्यात वजा होतो. भारतात १८७५ नंतर सर्वेक्षण खात्याने तारायंत्राने रेखांश मोजले तेव्हा त्यांनाही निरीक्षकांच्या या फरकाचा हिशेब ठेवावा लागला.

त्याच काळात महाराष्ट्रात पंचांगाचा वाद पेटत होता. केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सहायक होते. १८६० मध्ये त्यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत प्रसिद्ध केली. गणित दृक्प्रत्ययी हवं, म्हणजे आकाशात जे दिसतं त्याच्याशी जुळायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह योग्यच होता आणि त्यासाठी त्यांना बोलणीही खावी लागली. बेसेलचं काम माहीत झालं की दृक्प्रत्यय या कल्पनेची आणखी एक बाजू दिसते. ‘दिसतं’ म्हणजे कोणाला दिसतं? आकाशाशी जुळवायचं तर आधी पाहणाऱ्यांचं आपसात जुळवावं लागतं.

मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं किनेब्रुकला आपल्या शास्त्राच्या उगमाशी बसवतात. त्यात थोडी कथारचना आहे, पण धागा खरा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजलं, आणि संवेदनेला वेळ लागतो हे पक्कं झालं. १८६८ मध्ये डच शास्त्रज्ञ डोंडर्सने मनाच्या क्रियांना लागणारा वेळ वजाबाकीने काढायची रीत मांडली. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट तर एक फिरता काटा आणि एक घंटा घेऊन ‘घंटा वाजली तेव्हा काटा कुठे होता’ हेच लोकांना विचारत असे. हा ब्रॅडलीच्या रीतीतला प्रश्न, फक्त आता ताऱ्याची गरज उरली नव्हती. १८७९ मध्ये लाइपझिगला त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. वेधशाळेत जी दुरुस्तीची रक्कम होती ती तिथे अभ्यासाचा विषय झाली.

आज हा शब्द वापरताना

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका एक परीक्षक तपासतो आणि त्यांतल्या काही पुन्हा तपासायला नियामकाकडे (मॉडरेटरकडे) जातात. भाषेच्या पेपरात हे फार कामाचं असतं. एखाद्या परीक्षकाचा हात आखडता असतो, एखाद्याचा सढळ. त्यात पक्षपात नसतो, ती त्याची घडण असते. नियामकाला फरक सापडला की मॅस्केलाइनचे दोन्ही मोह त्याच्यासमोर उभे राहतात : फरक म्हणजे परीक्षकाची चूक, आणि माझे गुण म्हणजे बरोबर गुण. बेसेलच्या वाटेने जायचं तर आधी पाहावं लागेल की फरक सगळ्या उत्तरपत्रिकांत एका दिशेचा आहे की विखुरलेला. एका दिशेचा असेल तर तो आकड्याने दुरुस्त होतो. विखुरलेला असेल तर परीक्षकांना एकत्र बसवून काय पाहायचं याची चर्चा करावी लागते, आकड्याची मलमपट्टी तिथे लागू पडत नाही. आणि नियामकाचे स्वतःचे गुणही कधीतरी दुसऱ्या नियामकासमोर ठेवायला हवेत.

अर्थात निबंधाच्या बाबतीत एक अडचण उरतेच. तारा धाग्यावरून खरोखर एका विशिष्ट क्षणी जातो, कोणी पाहो न पाहो. निबंधाची गुणवत्ता तशी कुठे परीक्षकाआधी ठरलेली असते असं मला वाटत नाही. म्हणून तिथे खोट्या ताऱ्याचं यंत्र बनवता येत नाही, तज्ज्ञांचं आपसातलं जुळणं हाच आधार घ्यावा लागतो. तो आधार कमी आहे, पण शून्य नाही. ‘सब्जेक्टिव्ह आहे’ म्हणून हात झटकणाऱ्याला हा कमी आणि शून्य यांतला फरक दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या झटकण्यात कुठल्यातरी विद्यार्थ्याचे दहा गुण जातात.

आणि तिसरा अर्थ, अनुभवाचा. बेसेल आणि वालबेक यांच्यातला फरक १.०४१ सेकंद निघाला. पण ठोक्याच्या क्षणी बेसेलला तारा जसा दिसत होता ते दिसणं वालबेकला कधी मिळालं नाही, आणि त्या आकड्यातही ते नाही. वजाबाकी दोघांच्या नोंदींची होते, अनुभवांची होत नाही. तारा मोजताना त्याने बिघडत नाही, कारण आपल्याला हवा असतो तारा. जिथे अनुभव हीच मोजायची गोष्ट असते तिथे मात्र बिघडतं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला विचारतात, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे सहा आणि याचे सहा एकच आहेत का, हे ठरवायला दोघांनी जागा बदलण्याची सोय नाही. म्हणून जाणते डॉक्टर आणि परिचारिका दोन रुग्णांच्या आकड्यांची तुलना करण्यावर भर देत नाहीत. त्या रुग्णाचा कालचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवतात. काल आठ होतं, औषधानंतर आज पाच. तुलना आहेच, पण ती माणसाची त्याच्या स्वतःशी आहे, आणि औषधाची पुढची मात्रा ठरवायला ती पुरते.